मोठं व्हायला मनाई

मनानेच थेम्स नदीच्या काठाने चालत जा. विंडसर आणि मेडनहेड यांच्या मधल्या पट्ट्यात, पाण्याच्या जवळच, एक हवेली उभी आहे. नाव ओकली कोर्ट, बांधकाम १८५९ सालचं. उंच छपरं, टोकदार कमानी, बुरूज. गॉथिक थाटाची घरं बांधायची तेव्हाच्या श्रीमंत इंग्रजांना हौस होती. शेजारीच ब्रे स्टुडिओ होता आणि तिथे हॅमर ही कंपनी भयपट काढायची. म्हणून पडद्यावर ही हवेली पुन्हापुन्हा दिसत राहिली. 'द ब्राइड्स ऑफ ड्रॅक्युला' (१९६०), 'द प्लेग ऑफ द झॉम्बीज' (१९६६) अशा चित्रपटांत ती आहे, आणि पुढे 'द रॉकी हॉरर पिक्चर शो' (१९७५) तिथे झाला तेव्हा ती मोडकळीला आलेली होती. आज तिथे हॉटेल आहे.

आपण १९७० सालच्या एका चित्रपटासाठी तिच्यासमोर उभे आहोत. त्याचं नाव 'मम्सी, नॅनी, सनी अँड गर्ली'. दिग्दर्शक फ्रेडी फ्रान्सिस. हवेली बाहेरून दाखवायची आणि आतले प्रसंग स्टुडिओत करायचे, ही तेव्हाची सोयीची रीत. फ्रान्सिसना या घरात शिरायचं होतं, घरभर फिरायचं होतं. मेझी मॉस्को यांच्या 'हॅपी फॅमिली' या नाटकाच्या आधाराने ब्रायन कॉम्पोर्ट यांनी पटकथा लिहिली, आणि या घराला त्याचं कुटुंब मिळालं.

चित्रपट पाहिलेला नसेल तरी हरकत नाही. आपण शेवटापर्यंत जाणार आहोत. मात्र सावकाश जाऊ. जिथे मन अडेल तिथे थांबा, पुढची ओळ वाट बघेल.

आधी घरातली माणसं. मम्सी, म्हणजे आई. नॅनी, म्हणजे मुलांना वाढवायला ठेवलेली बाई. सनी, म्हणजे लेक. गर्ली, म्हणजे लेकीला लाडाने मारलेली हाक. ही चारही नावं पुन्हा एकदा मनात म्हणा. यांत खरं नाव एकही नाही. आई, दाई, बाळ, बाळी. प्रत्येकजण दुसऱ्याचा कोण लागतो एवढंच त्यात आहे. स्वतः कोण, ते कुठेच नाही. बाहेरून येणाऱ्यांचीही तीच गत. नामावलीत एक आहे 'सोल्जर', एक 'फ्रेंड इन फाइव्ह', म्हणजे पाच नंबरच्या खोलीतला मित्र, आणि ज्याच्याभोवती सारी गोष्ट फिरते तो 'न्यू फ्रेंड'. अख्ख्या कथेत आपल्याला कुणाचंही नाव हाती लागत नाही. घरात शिरताना माणसाने आपलं नाव पायताणासारखं दाराबाहेर काढून ठेवायचं, असा तिथला रिवाज.

इथे थोडं थांबा. तुमचं नाव घेऊन कुणीच हाक मारत नाही, फक्त नात्याने मारतात, अशा घरात आपण आहोत असं समजा. पहिल्यांदा काय वाटतं? मला वाटतं, पहिल्यांदा ऊब वाटते. जागा मिळाल्यासारखं वाटतं. ती ऊब खोटी नसते, आणि म्हणूनच तिच्यापाशी जास्त वेळ थांबायला हवं.

आता मूळ नाटकाच्या नावाकडे या. 'हॅपी फॅमिलीज' हा व्हिक्टोरिया राणीच्या काळापासून इंग्लंडमध्ये चालत आलेला मुलांचा पत्त्यांचा खेळ आहे. त्यात प्रत्येक कुटुंबाची चार पानं: बाप, आई, मुलगा, मुलगी. धंद्यावरून आडनाव; बेकरीवाल्याचं कुटुंब, खाटकाचं कुटुंब, असं. खेळणाऱ्याने दुसऱ्याला नम्रपणे विचारायचं, अमुक माणूस तुमच्याकडे आहे का? असला तर तो द्यावा लागतो. असं एकेक माणूस मागून घेत कुटुंब पुरं करायचं. ज्याच्याकडे पुरी कुटुंबं जास्त, तो जिंकला.

चित्रपटातलं कुटुंब या पानांशेजारी ठेवून बघा. इथेही चारच जण आहेत. पण बापाचं पान नाही. त्याच्या जागी नॅनीचं पान आलं आहे. बापाचं काय झालं याचा खल चित्रपट करत बसत नाही, आणि ते बरंच केलं आहे असं मला वाटतं. उत्तर मिळालं असतं तर रिकामी जागा भरली गेली असती. इथे ती उघडीच राहते, आणि तिच्यात माणूस आणून बसवण्यासाठी सनी आणि गर्ली बाहेर पडतात. प्राणिसंग्रहालयात जातात, बागेत जातात. एकटा, बेघर, नशेत झुलणारा, ज्याची कुणी वाट बघत नाही असा पुरुष हेरतात आणि त्याला खेळायला घरी घेऊन येतात.

सनी आणि गर्ली वयाने लहान नाहीत, हे डोळ्यांसमोर नीट आणा. भूमिका करणारे हॉवर्ड ट्रेव्हर आणि व्हॅनेसा हॉवर्ड चांगले मोठे आहेत आणि ते लपवायचा प्रयत्नही कुणी केलेला नाही. अंगावर शाळेचा गणवेश, बोलणं बालवाडीचं. यमकं, बडबडगीतं, लाडिक हट्ट. आणलेल्या पाहुण्यालाही तसाच गणवेश चढवतात. रिकामी जागा बापाची, आणि तिथे आणलेल्या प्रत्येक पुरुषाला पोरगा बनवतात. त्यामुळे ती जागा भरतच नाही. पुन्हा बाहेर जावं लागतं. घराची भूक इथून येते. या एका गाठीवर पाहिजे तेवढा वेळ द्या. माझ्या मते सारा चित्रपट तिच्यात आहे.

मुलांच्या खोलीत जाऊ. इंग्लंडच्या वरच्या वर्गात पिढ्यान्‌पिढ्या मुलं आईबापांच्या हाताखाली वाढली नाहीत. घराच्या वरच्या मजल्यावर त्यांचा वेगळा संसार असे, त्याला नर्सरी म्हणत, आणि तिथे नॅनीचं राज्य. जेवण तिच्या हातचं, झोप तिच्या देखरेखीखाली, आजारपणात कपाळावर हात तिचा. संध्याकाळी ठरलेल्या वेळी मुलांना स्वच्छ कपडे घालून खाली दिवाणखान्यात न्यायचं, आईबापांना दाखवायचं, परत वर आणायचं. पुढे सात-आठ वर्षांचा झाला की मुलगा निवासी शाळेत. नॅनीचं काम शिकवणारी नॉरलँड इन्स्टिट्यूट १८९२ साली लंडनमध्ये निघाली, इतकी ती व्यवस्था रुजलेली होती. त्या मुलांनी आयुष्यातलं पहिलं प्रेम ज्या बाईवर केलं ती पगारी होती. मूल मोठं झालं की तिचं काम संपायचं. मग दुसरं घर, दुसरं मूल.

त्या बाईच्या जागी स्वतःला ठेवून बघा. मूल वाढवणं हे तुझं काम, आणि ते वाढलं की तुझी जागा गेली. चित्रपटातल्या नॅनीवर ती वेळ कधी येणारच नाही, कारण तिची मुलं वाढतच नाहीत. पॅट हेवूड यांनी ही भूमिका केली आहे. दोनच वर्षं आधी, झेफिरेलींच्या 'रोमिओ अँड ज्युलिएट'मध्ये ज्युलिएटची दाई त्याच होत्या. खळखळून हसणारी, पोरीच्या प्रेमात मदत करणारी. इथे त्या फार कमी बोलतात. घरातली प्रत्येक गोष्ट त्यांच्या हातून होते आणि तरी मालकी मम्सीची. मला या चौघांत सर्वांत जास्त दया नॅनीची येते. मम्सी आई आहे. नॅनी आई होऊन राहिलेली आहे, रोज, आणि तो मान कुणीही काढून घेऊ शकतं.

आता नियम. या घरात जे चालतं त्याला ते 'खेळ' म्हणतात. खेळाला नियम आहेत, आणि नियम मोडणाऱ्याला देवदूतांकडे पाठवतात. मारणं हा शब्द नाही. राग नाही, आवाज चढत नाही. पाहुण्याने वागणूक सोडली, खेळायला नकार दिला, निघून जायची भाषा केली, की चुकलेल्या मुलाला समजवावं तसं त्याला समजावतात, आणि तरीही ऐकलं नाही तर पुढचं होतं. तेही खेळातच. इंग्रजी बालखेळांत हे आधीपासूनच आहे. 'ऑरेंजेस अँड लेमन्स' या खेळात दोन मुलं हातांची कमान करतात, बाकीची तिच्याखालून जातात, आणि गाणं संपताना वरचे हात कुऱ्हाडीसारखे खाली येतात. सापडेल त्याचं डोकं गेलं. पिढ्यानपिढ्या शाळेच्या अंगणात मुलं हसतहसत हे खेळत आली. फ्रान्सिस अशा खेळांचे शब्द जसेच्या तसे घेतात. मूल म्हणतं 'डोकं उडालं' आणि त्या घरात डोकं खरोखर उडतं.

या चित्रपटात हसू येतं, आणि त्या हसण्याकडे आता लक्ष द्या. दाबू नका. ते कुठे फुटतं ते फक्त बघा. रक्त इथे फार थोडं आहे; त्या काळातले इतर भयपट याहून कितीतरी लाल आहेत. हसू येतं ते घरच्या बोलीमुळे. चालू आहे भयंकर काहीतरी, आणि तोंडी आहेत तीच वाक्यं जी चांगल्या घरात मुलांना सांगतात: हात धू, पाहुण्यांशी नीट वाग, वाटून घे. ही वाक्यं आपण सगळ्यांनी ऐकली आहेत आणि पुढे कुणाला तरी सांगितलीही आहेत. त्यांचा सूर ओळखीचा असतो, म्हणून आपण आधी हसतो. आणि हसून झाल्यावर लक्षात येतं की सूर ओळखीचा असणं हीच भीती होती. बालखोलीच्या न्यायात लहान चूक आणि मोठी चूक यांत फरक नसतो. मोठ्यांनी 'वाईट' म्हटलं की वाईट. मुलं जसजशी वाढतात तसतसा तो फरक शिकतात. या घरात तो शिकायची वेळच आलेली नाही.

फ्रेडी फ्रान्सिस हा माणूस मूळचा कॅमेऱ्यामागचा. 'सन्स अँड लव्हर्स' (१९६०) आणि 'ग्लोरी' (१९८९) या चित्रपटांच्या छायालेखनासाठी त्यांना दोनदा ऑस्कर मिळालं. डेव्हिड लिंच यांचा 'द एलिफंट मॅन' (१९८०) त्यांनीच टिपला. पण मम्सी-नॅनीच्या या चित्रपटाशेजारी ठेवावा असा त्यांनी टिपलेला चित्रपट म्हणजे जॅक क्लेटन यांचा 'द इनोसंट्स' (१९६१). तिथेही मोठं घर, दोन मुलं, आणि त्यांना सांभाळायला आलेली बाई. रुंद पडद्याच्या दोन्ही कडा अंधारात जाव्यात म्हणून फ्रान्सिसनी भिंगापुढे लावायच्या काचा हाताने रंगवून घेतल्या होत्या. उजेड मधे, बाहेरून अंधार आत सरकतोय. मुलांचे निष्पाप चेहरे आणि त्यांच्या मागे काहीतरी. नऊ वर्षांनी ते स्वतः दिग्दर्शक म्हणून दोन 'मुलां'च्या घरात परत आले, कॅमेरा डेव्हिड म्युर यांच्याकडे होता, चित्रपट रंगीत होता, आणि या वेळी अंधार कडांना ठेवलेला नव्हता. तो दिवसाउजेडी, मधोमध, शाळेच्या गणवेशात उभा होता. हॅमर आणि अमिकस या कंपन्यांसाठी त्यांनी बरेच भयपट दिले आणि आपल्याला भयपटवाला म्हणून ठोकून बसवलं याची त्यांना खंत होती. स्वतःच्या मनाने केलेला हा चित्रपट त्यांना प्रिय होता. ब्रिटनमध्ये तो चालला नाही. अमेरिकेत नुसत्या 'गर्ली' या नावाने लागला. अनेक वर्षं तो सहज बघायला मिळत नसे, आणि एवढ्या नेटक्या, एवढ्या विचारी कामाच्या वाट्याला ते यावं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता एक पुस्तक मनात आणा: जे. एम. बॅरी यांचं 'पीटर पॅन'. १९०४ साली नाटक म्हणून रंगभूमीवर आलं, १९११ साली कादंबरी. मोठा न होणारा मुलगा लंडनमधल्या एका घरातल्या मुलांच्या खोलीत खिडकीतून येतो आणि त्यांना उडवून नेतो. सगळं जग त्याला गोड गोष्ट म्हणून ओळखतं. पण कादंबरीत बॅरींनी सहज जाताजाता सांगून ठेवलं आहे की त्याच्या बेटावरची मुलं मोठी होऊ लागलेली दिसली, की पीटर त्यांची संख्या कमी करतो, कारण मोठं होणं नियमाविरुद्ध आहे. कशी कमी करतो ते बॅरी सांगत नाहीत. सनी आणि गर्ली याच वंशातले. पीटर मुलांना घराबाहेर नेतो, ही दोघं मोठ्यांना घरात आणतात. नियम मात्र एकच आहे.

'न्यू फ्रेंड' घरात कसा येतो ते आता बघू. मायकेल ब्रायंट यांनी केलेला हा पुरुष साधाभोळा नाही. बायकांच्या जिवावर राहणारा, चैनी, थकलेला. एका रात्री नशेत तो आणि त्याची मैत्रीण सनी आणि गर्लीला भेटतात आणि मुलांच्या बागेत खेळायला जातात. तिथे ती घसरगुंडीवरून पडून मरते. सनीने तिला ढकललेलं असतं. सकाळी शुद्धीवर आल्यावर त्याला सांगितलं जातं की हे तुझ्या हातून झालं. त्याला आठवत नाही. म्हणून तो मानतो.

इथे आपण दुसऱ्यांदा मुक्काम करू. हवेलीला कुलपं आहेतच, पण या माणसाला कुलूप लावायची गरज पडली नाही. न केलेल्या गुन्ह्याचा अपराध त्याच्या मनात ठेवून दिला, तेवढं पुरलं. घरात धरून ठेवण्याचा हा उपाय फार जुना आहे आणि तो वेड्यांच्याच घरात चालतो असं नाही. तुझ्यामुळे हे झालं. आता तू जाऊ शकत नाहीस. आम्ही कुणाला सांगणार नाही, आम्ही तुझेच आहोत. ही तीन वाक्यं एकामागून एक मनात ठेवा आणि तुमच्या आठवणीत त्यांना कुठे उत्तर मिळतं का ते बघा. मिळालं तर लगेच कुणाला दोष देऊ नका. आधी एवढंच बघा की ती वाक्यं बोलणाऱ्याच्या आवाजात माया होती का. माझा अनुभव असा की बहुतेक वेळा असते. म्हणूनच ती इतकी वर्षं टिकतात.

पण हा पाहुणा आधीच्यांसारखा नाही. तो रडत नाही, भांडत नाही, दारं ठोकत नाही. काही दिवस तो बघतो. मग त्याला कळतं की या घराचं सगळं बळ चौघं एक असण्यात आहे, आणि चौघं एक आहेत कारण कुणालाच स्वतःपुरतं काही हवंसं वाटत नाही. मग तो एकेकीला निराळं काहीतरी देतो. मम्सीला तो पुरुष म्हणून भेटतो. गर्लीला वाटू लागतं की हा आपला एकटीचा मित्र. नॅनीला दिसतं की आपल्याला कुणी विचारलंच नाही. 'आमचा' म्हणून आणलेला माणूस 'माझा' झाला, आणि त्या क्षणी सगळी मोठी झाली. मत्सर ही त्या घरात शिरलेली पहिली मोठ्या माणसांची भावना.

पुढचं वेगाने घडतं, आपणही तिथे रेंगाळू नये. सनीला धोका कळतो, तो पाहुण्याला संपवायला निघतो, आणि गर्ली आपल्या भावाला मारते. नॅनी मम्सीच्या जिवावर उठते. गर्लीच्या हातात कुऱ्हाड येते. स्वयंपाकघरात चुलीवर मोठं भांडं शिजत असतं, आणि नॅनी कुठे आहे हे आपल्याला कळतं. आजवर परक्यांसाठी असलेला नियम आता घरच्यांना लागला. मुलं वाढू नयेत म्हणून जे घर एवढं जपलं होतं, ते मुलगी वाढल्याबरोबर आतूनच कोसळलं. आणि वाढणं कसं असतं हे तिला कुणी दाखवलेलंच नव्हतं. तिच्या हाती होता तो एकच खेळ. तिने वाढही त्याच खेळाने केली. गर्लीकडे राक्षसीण म्हणून बघणं सोपं आहे. मला ते जमत नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिला स्वतःचं काहीतरी हवं झालं, आणि हवं असलेलं मिळवायची जी रीत तिला शिकवली होती तीच तिने वापरली.

शेवटी मम्सी आणि गर्ली उरतात. दोघी बसतात आणि समजूतदारपणे ठरवतात की भांडायचं नाही. मित्राला वाटून घ्यायचं, एक दिवस तुझा, एक दिवस माझा. नीट वाग, वाटून घे. तीच शिकवण.

आणि तो? अडवायला सनी नाही, नॅनी नाही. मोठ्या घरात दोन बायका. आपल्यावर लादलेला अपराध खोटा होता हे त्याला उमजलेलं असणार. इतका हुशार माणूस तो आहे. तरी तो निघून जात नाही. बाहेरच्या जगात त्याची कुणी वाट बघत नव्हतं, म्हणून तर तो इथे आणला गेला होता. इथे मात्र त्याच्यासाठी खून झाले आहेत. त्याच्यासाठी वार वाटून घेतले आहेत. या कुटुंबात बापाचं जे पान नव्हतं, त्याच्या जागेच्या सर्वांत जवळ पोचलेला पुरुष तोच, आणि त्याला तिथे अजूनही नाव नाही.

चित्रपट दुसऱ्यांदा बघाल तेव्हा ब्रायंट यांच्या चेहऱ्यावर नजर ठेवा. हा माणूस सुटायचा बेत नेमका कुठल्या प्रसंगात सोडून देतो ते शोधा. मला तो प्रसंग शेवटाच्या बराच आधी दिसतो. मम्सीला आणि गर्लीला एकमेकींविरुद्ध उभं करताना त्याला पहिल्यांदा मजा वाटते, तिथे.